पिस्तूल रुसलं तो झेंडूचा हंगाम

दसरा जवळ आला की मी पंचवटीतल्या फुलबाजारात मुद्दाम पिशवी न घेता जाते. हातात पिशवी दिसली की विकणारे "ताई, किती देऊ?" म्हणून मागेच लागतात. मला फुलं नको असतात, वास हवा असतो. झेंडूच्या ढिगाशेजारी उभं राहून छाती भरून श्वास घेतला की माझ्या नाकात दोन वास एकदम शिरतात. एक झेंडूचा, तो सगळ्यांनाच येतो. दुसरा पिस्तुलाच्या तेलाचा. तो तेल असो नसो, मला येतोच. मागे एकदा नवऱ्याला हे सांगितलं, तर पेपरातून मानही वर न काढता म्हणाला, "नाकाच्या डॉक्टरला दाखव." आता या माणसाला काय सांगायचं!

आमचं वावर मखमलाबादच्या शिवारात होतं. भाजीपाला आलटून पालटून असायचा, पण दसरा-दिवाळीला झेंडू ठरलेला. आमच्या घरात वर्षाचे महिने चैत्र-वैशाख असे कुणी मोजायचंच नाही. झेंडूच्या आधीचं आणि झेंडूच्या नंतरचं, एवढंच. पहाटे उठून वावरात जायचं, तेव्हा दव पडलेलं असायचं आणि परकर गुडघ्यापर्यंत भिजायचा. फूल दोन बोटांत धरायचं, मनगटाला एक हलकासा हिसका द्यायचा, टच्‌ असा बारीक आवाज व्हायचा आणि फूल हातात. उजेड होईपर्यंत बोटं काळी-हिरवी होऊन जायची. मग दुपारी भाकरीला झेंडूची चव, रात्री उशीला झेंडूचा वास. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू!

आणि मला पिस्तूलही आवडायचं. कॉलेजात एनसीसीत रायफल बरी चालवली म्हणून पगार सरांनी मला रायफल क्लबात ओढून नेलं होतं. पगार सर फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे देवळ्याकडचे, कांदेवाल्या घरातले. उंचीला बेताचे, आवाजाला मात्र दणदणीत. एरवी शाळेतल्या मास्तरांसारखं स्वच्छ बोलायचे, रागावले की फौजेतली हिंदी यायची, आणि फारच आनंद झाला की थेट अहिराणी. त्यामुळे ते काय म्हणाले हे कळण्याआधी त्यांना काय वाटतंय हे आम्हाला कळायचं.

मुलींसाठी क्लबात पिस्तूल एकच होतं. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी उडाली की त्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाणार, रिकामी पुंगळी बाहेर फेकणार, आणि पुढे येताना खालच्या मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत सारणार. आपण फक्त नेम धरायचा आणि घोडा दाबायचा. बाकी सगळं ते स्वतःचं स्वतः करतं. करतं म्हणजे, मनात आलं तर करतं. आमचं पिस्तूल वयस्कर होतं आणि मानी होतं. प्रज्ञाने त्याचं नाव आत्याबाई ठेवलं होतं. प्रज्ञा माझी जोडीदारीण, नाशिकरोडच्या कॉलनीतली, तिचे वडील सरकारी कचेरीत कारकून. तोंडाने एवढी फटकळ की सरसुद्धा तिच्यासमोर जपून बोलायचे. "लग्नघरात रुसून बसतात ना, तशा आत्याबाई आहेत," ती म्हणायची. "कशावरून रुसल्या ते सांगणार नाहीत. आपणच ओळखायचं."

त्या वर्षी आत्याबाई नेमक्या नको तेव्हा रुसल्या. दिवाळीच्या आधीच्या रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी होती. ठरलेले गुण पडले की राज्य स्पर्धा. मला ती हवी होती, अगदी जिवापासून हवी होती. आजवर मी नाशिकच्या बाहेर गेले होते ती फक्त लग्नकार्याला. नाना, म्हणजे माझे वडील, त्यांनी क्लबला 'नाय' म्हटलं नव्हतं, पण 'हो'ही म्हटलं नव्हतं. "तोडणी उरकून जा कुठं जायचं ते," एवढंच. "मोसमात घरचा हात बाहेर देता येत नाय, ज्योते. तुला ठावं हाय." मला ठावं होतं. म्हणून मी पहाटे तोडणी करायचे, टेम्पो भरून द्यायचे, आणि तशीच सायकल मारत रेंजवर जायचे. माझ्या अंगाला येणाऱ्या वासावरून सरांना मी आल्याचं मागे न बघता कळायचं.

आधी काडतूस वर चढेना. स्लाइड पुढे यायची आणि काडतुसाचं नाक नळीत शिरण्याऐवजी खालीच टेकायचं. सरांची एक पद्धत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की गुण कुणामुळे आला ते कळत नाही. त्यांनी मॅगझिन बदललं, आणि काडतूस सुरळीत चढलं. मग जुनं मॅगझिन उजेडात धरून दाखवलं. वरचे दोन ओठ, ज्यांच्यामध्ये काडतूस धरलेलं असतं, त्यातला एक किंचित फाकला होता. कुणाच्या तरी हातून पडलं असणार. सरांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

ती पद्धत माझ्या हाडात अशी मुरली आहे की आजही घरात मिक्सर बंद पडला की मी नवऱ्याला हात लावू देत नाही. तो एकदम वायर हलवतो, भांडं फिरवतो, खालचं बटण दाबतो, वरून एक थापही मारतो. "एका वेळी एक!" मी ओरडते. मिक्सर सुरू होतो, आणि का सुरू झाला ते दोघांनाही कळत नाही. तो खूश असतो. माझी संध्याकाळ मात्र वाया जाते.

तर काडतूस चढायला लागलं, आणि दसऱ्यानंतर पुंगळी अडकायला लागली. गोळी उडायची, पण रिकामी पुंगळी धड बाहेर पडायची नाही. स्लाइडच्या फटीत उभीच्या उभी अडकून राहायची, छपरावर धुराडं असावं तशी. असं झालं की नियम कडक. पिस्तूल निशाणाच्या दिशेलाच ठेवायचं, बोट घोड्यावरून काढायचं, दुसरा हात वर करायचा आणि पंचांना बोलवायचं. आपण मधेच हात घातला तर गोळी फुकट गेली म्हणून लिहितात. शिवाय पंच अडचण मान्य करणार तीही एकदाच. दुसऱ्यांदा अडकलं की गुण गेले. सराव करताना माझा डावा हात सारखा वरच असायचा. "वर्गात एवढा हात वर केला असतास तर पहिली आली असतीस," प्रज्ञा म्हणाली.

सरांनी आधी काडतुसांवर संशय घेतला. दुसरी पेटी फोडली, तरी तेच. मग पिस्तूल उघडलं. पुंगळीच्या काठाला धरून ओढणारा एक बारीक आकडा असतो, त्याच्या खाचेत त्यांनी दात घासायचा जुना ब्रश फिरवला. ब्रश लालभडक होऊन बाहेर आला.

सरांनी ब्रश नाकाजवळ नेला. "कुंकू!"

मग उलगडा झाला. दसऱ्याला क्लबात शस्त्रपूजा झाली होती. पाटावर सगळ्या बंदुका मांडल्या होत्या, झेंडू आमच्याच वावरातला. सरांनी सगळ्यांना बजावलं होतं, लाकडाला एक बोट लावा, लोखंडाला लावू नका. पण भक्ती आवरते कुणाला? क्लबात एक वकील होते, एक बँकेतले साहेब होते, त्यांच्या बायका होत्या, मुलींच्या आयांचा तर प्रश्नच नाही. प्रत्येकाला वाटलं, आपण चिमूटभर लावलं तर काय होतंय! आत्याबाई हळदीकुंकवाने न्हाऊन निघाल्या होत्या आणि वरून तेलाचा हात फिरल्यामुळे त्याचा छान लेप बसला होता. "पूजा बाहेरसे करनी होती है!" सर गरजले. "अंदर जाकर नहीं!" आम्ही हसून हसून भिंतीला टेकलो. प्रज्ञा म्हणाली, "सर, अक्षता नाही निघाल्या हे नशीब समजा." शेवटी सरांनाही हसू आवरेना. आत्याबाईंना साफ पुसलं, प्रज्ञाने एक मॅगझिन झाडून रिकामं केलं, पुंगळ्या टपाटप बाहेर पडल्या. बँकेतल्या साहेबांनी जिलबी आणली.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातात ते पुन्हा अडकलं.

आणि फक्त माझ्याच हातात. प्रज्ञा चालवी तेव्हा आत्याबाई शहाण्यासारख्या वागायच्या. माझ्या हातात आल्या की चौथी-पाचवी गोळी झाली न झाली, पुंगळी उभी. मी नेम बदलला, पाय बदलले, देवाला नवस बोलले. कानात कापसाचे बोळे घालून उभी राहायचे आणि गोळीच्या आवाजापेक्षा पुढच्या आवाजाकडे कान लावून बसायचे. पुंगळी फरशीवर पडली की किणकिण वाजते. ती वाजली नाही की डावा हात वर. चाचणी आठवड्यावर आली. सर माझ्यावर रागवेनासे झाले, आणि त्याचीच मला फार भीती वाटायची.

अशाच एका पहाटे आम्ही तोडणीला असताना बांधावर लुना फटफटत आली. पगार सर! मी जागच्या जागी थिजले. ते कशाला आले असतील हे मला तेव्हाच कळलं होतं. चाचणीला एकट्या प्रज्ञाचं नाव द्यायचं, हे त्यांना फोनवर किंवा रेंजवर सगळ्यांसमोर सांगायचं नव्हतं. म्हणून घरी येऊन, नानांना भेटून, नीट सांगणार होते. माणूस तसा होता.

पण नानांना काय त्याचं! टेम्पोची वेळ झाली होती आणि निम्मे वाफे बाकी होते. "या सर, या," नाना वाकल्या वाकल्याच म्हणाले. "बोलणं होईल मागनं. आलायसा तर हात लावा."

सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, बाह्या वर केल्या आणि वाफ्यात उतरले. शेतकऱ्याघरचं रक्त, लाजणार थोडंच! आधी देठासकट उपटत होते, आईने हिसका दाखवला तेव्हा जमलं. मग त्यांना चेवच आला. माझ्या शेजारच्या ओळीत ते, आणि मी मान खाली घालून. टेम्पो भरून गेला तेव्हा चांगलं ऊन वर आलं होतं. आईने चहा दिला. सरांनी कप उजव्या हातात घेतला आणि चटकन डाव्या हातात बदलला. मग म्हणाले, "ज्योती, रेंजवर चल. एकदा मी चालवून दाखवतो. पिस्तुलात काही नाही हे तुझ्या डोळ्यांनी बघ, म्हणजे मनात राहणार नाही." म्हणजे निर्णय झाला होता. मी सायकलवर रडतच गेले.

रेंजवर प्रज्ञा आधीच आलेली. सरांनी मॅगझिन भरलं, उभे राहिले, हात उचलला. धाड, किणकिण. धाड, किणकिण. मी मनात म्हटलं, संपलं. धाड. पुढे किणकिण नाही.

सरांनी पिस्तूल तसंच धरून ठेवलं. फटीत पुंगळी उभी होती. आयुष्यभर बंदूक हाताळलेला माणूस, आणि त्याच्या हातात पुंगळी उभी! नियमाप्रमाणे त्यांनी डावा हात वर केला. बोलवणार कुणाला, पंच तेच होते. मग त्यांनी पिस्तूल रिकामं केलं, खाली ठेवलं, आपल्या उजव्या मनगटाकडे बघितलं, ते दोनदा वळवून पाहिलं, आणि अक्षरशः उडी मारली.

"अडकनं व माय! मना हातमा बी अडकनं!"

मी आणि प्रज्ञा एकमेकींकडे बघतच राहिलो. पिस्तूल बिघडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. "तुना काही दोष नही शे, पोरी," ते म्हणाले, आणि मग भान येऊन नेहमीच्या मराठीत समजावलं. स्लाइड मागे जायची तर खालचा हात भिंतीसारखा घट्ट हवा. हात ढिला पडला तर सगळा धक्का हातच खाऊन टाकतो, स्लाइड अर्ध्यातूनच परत फिरते आणि पुंगळीला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. मी रोज पहाटे हजारो फुलांना मनगटाचा हिसका देऊन येत होते. पहिल्या चार गोळ्यांना मनगट टिकायचं, मग आतून सुटायचं, आणि ते मलाही जाणवत नव्हतं. सर एक सकाळ फुलं तोडून आले तर त्यांचीही तीच गत. "किती दिवस आम्ही पिस्तूल खोलत बसलो!" सर कपाळावर हात मारून म्हणाले. प्रज्ञा आनंदाने मला गदागदा हलवत होती. मी पुन्हा रडत होते, पण हे रडणं निराळं होतं.

उपाय सोपा होता आणि तोच अवघड होता. चाचणीपर्यंत फुलाला हात लावायचा नाही. सर त्याच पावली परत नानांकडे आले. नाना ऐकत राहिले. दिवाळीच्या तोंडावरची तोडणी म्हणजे आमचं अर्धं वर्ष. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी म्हणणारच होते की जाऊ द्या, राहू दे. तेवढ्यात आई म्हणाली, "तिचे वाफे मी घेते." नाना तिच्यावर खेकसले, "तुझे कोण घेणार मग?"

"आम्ही," सर म्हणाले.

त्या पहाटा मला आठवतात आणि मी एकटीच हसत सुटते. वकील, बँकेतले साहेब, सर, सगळे आमच्या वावरात. वकिलांनी पँट दुमडलेली, बँकेतल्या साहेबांच्या डोक्याला बायकोचा स्कार्फ. नाना त्यांच्यावर ओरडताहेत, "ओ साहेब, कळी नका तोडू, लेकरू हाय ते! वकीलसाहेब, खालचं बघा, खालचं राहिलं!" आणि ते बिचारे "हो नाना, हो नाना" करताहेत. प्रज्ञालाही चाचणी द्यायची होती, म्हणून सरांनी तिलाही फुलाला हात लावायला बंदी केली होती. आम्ही दोघी बांधावर मांडी घालून, हात मांडीत ठेवून, महाराण्यांसारख्या बसलेल्या. आई मधूनच येऊन आम्हाला शेंगदाण्याचा लाडू भरवून जायची, तोही हाताने खाऊ द्यायची नाही. सगळ्या शिवाराला आमचं हसू ऐकू जात असेल.

चाचणीच्या दिवशी नाना पहिल्यांदा रेंजवर आले. पांढरे कपडे, टोपी, मागच्या बाकावर अवघडून बसलेले. निशाण इतकं लांब की त्यांना काही दिसत नव्हतं. कान झाकायलाही तयार नव्हते. मी उभी राहिले. पहिल्याच फेरीत पुंगळी अडकली.

हात वर गेला, पंच आले, त्यांनी बघून मान डोलावली. मान्य. आता मात्र एकही नाही. मी डोळे मिटले, मनगट असं आवळलं की कोपरापर्यंत शीर ताणली, आणि सुरुवात केली. धाड, किणकिण. नेमाचं माझं मी बघत होते. मागे मात्र दर खेपेला पुंगळी वाजली की कुणीतरी हलकेच "हां" म्हणत होतं. नाना! त्यांना कळण्यासारखी एवढी एकच गोष्ट होती, आणि ती ते जीव लावून ऐकत होते. त्या "हां"च्या आधाराने मी शेवटपर्यंत गेले.

प्रज्ञाचे गुण माझ्याआधीच जमले होते. माझा कागद घेऊन सर आले तेव्हा काही बोलायच्या आधीच मला कळलं, कारण ओठ अहिराणीत हलत होते. "निघनी व माय, निघनी!" प्रज्ञाने मला उचललंच. मग सर नानांकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त एक आहे, नाना. राज्याची स्पर्धा मार्गशीर्षात येते. तोवर तिला रोज सराव पाहिजे."

माझं हसू तोंडातच राहिलं. मार्गशीर्षातले गुरुवार, घरोघरी लक्ष्मीची पूजा, म्हणजे पुन्हा फुलं, पुन्हा पहाटा. नानांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा करून पाहिला, बोटांवरचे झेंडूचे काळे डाग अंगठ्याने पुसून पाहिले. ते निघणार नव्हतेच.

"हा हात आता तोडणीतून बाद," ते म्हणाले. "फुलाला लावला तर माझ्याशी गाठ हाय."

मी तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले. नाना मला थोपटत राहिले आणि माझ्या डोक्यावरून सरांना म्हणाले, "तुमी मात्र या. तुमचा हात चांगला बसलाय."

सर आले. मार्गशीर्षातल्या एकूण एक गुरुवारच्या आदल्या दिवशी पहाटे.